छापणाऱ्याचं नाव काय?

मराठी वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर अगदी तळाशी एक बारीक अक्षरातली ओळ असते. हे पत्र अमक्याने, तमक्या छापखान्यात, अमुक पेठेत छापून प्रसिद्ध केलं. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ती ओळ कधीतरी वाचली असेल, बहुधा वाचण्यासारखं दुसरं काही उरलं नसेल तेव्हा! ती ओळ संपादकांनी हौसेने छापलेली नसते. १८६७ साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला आणि प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण असलंच पाहिजे, असं बंधन घातलं. तो कायदा थोडाथोडका नाही, तब्बल दीडशे वर्षांहून जास्त टिकला. १ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा आला.

इंग्रजांचा हेतू काही फार उदात्त नव्हता. १८५७ ला जेमतेम दहा वर्षं झाली होती आणि कोण काय छापतो यावर त्यांना डोळा ठेवायचा होता. पण त्या ओळीचा एक उपयोग वाचकालाही झाला. मजकूर खोटा निघाला तर कुणाची मानगूट धरायची, हे त्याला माहीत असायचं. आज आपल्या फोनवर रोज येऊन आदळणाऱ्या मजकुराला अशी तळाची ओळ नाही. इंटरनेटवरच्या अफवा आणि सायबर हल्ले यांच्याविरुद्ध गेल्या पंचवीस वर्षांत जे कायदे झाले, त्यांचा इतिहास मी जसजसा वाचत गेले तसतसं मला वाटायला लागलं, की ही सगळी धडपड त्या हरवलेल्या ओळीच्या शोधाची आहे. या गोष्टीत पुणं आहे, मुंबई आहे, पालघर आणि धुळं आहे, आणि आपण राहतो ते इंग्लंडही आहे.

कोल्हापूरची पत्रं

सुरुवात आपल्या घरापासून करू. १८८१ च्या जानेवारीत पुण्यात 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना, चौथ्या शिवाजी महाराजांना, वेडे ठरवून त्यांचा छळ होत असल्याच्या बातम्या येत होत्या. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या नावची काही पत्रं केसरीकरांच्या हाती आली. त्या पत्रांवरून बर्वेच या कटात आहेत असं दिसत होतं. टिळक आणि आगरकर, दोघंही पंचवीस-सव्वीस वर्षांचे. दोन्ही पत्रांतून बर्व्यांवर कडक टीका झाली आणि बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद गुदरली.

कोर्टात ती पत्रं बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, पण फिर्याद मागे घेतली गेली नाही. १८८२ च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली. प्रत्यक्षात त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले आणि आगरकरांनी त्यावर पुढे पुस्तक लिहिलं.

शाळेत आपण ही हकीकत देशभक्तांचा पहिला तुरुंगवास म्हणून शिकलो, आणि ते बरोबरच आहे. पण आजच्या भाषेत बोलायचं तर तो 'फेक न्यूज'चा खटला होता! कुणीतरी खोटे कागद तयार केले, चांगल्या हेतूच्या माणसांच्या हाती दिले आणि त्यांनी ते खरे मानून जगापुढे मांडले. गंमत म्हणजे, पत्रं खोटी असली तरी महाराजांच्या हालांबद्दलची लोकांची काळजी खोटी नव्हती. १८८३ च्या डिसेंबरात अहमदनगरला इंग्रज रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे मुद्दा खरा आणि पुरावा खोटा! अफवेची ही जात सगळ्यात चिवट असते. तिच्या पोटात खऱ्याचा कण असतो, म्हणून तर शहाणी माणसंही फसतात.

पण त्या खटल्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोण बोललं हा प्रश्नच उद्भवला नाही. अंकावर नावं होती. नुकसान कुणाचं झालं तेही स्पष्ट होतं आणि विधान खरं की खोटं हे न्यायाधीशाने पुरावा बघून ठरवलं. तिन्ही पाय जमिनीवर होते.

पंधरा वर्षांनी, १८९७ मध्ये, टिळक पुन्हा कोर्टात उभे राहिले ते राजद्रोहाच्या कलमाखाली. तिथे खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नव्हता. सरकारबद्दल 'अप्रीती' पसरवली, असा आरोप होता. अप्रीती म्हणजे काय? न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. आता सरकारवर प्रीती नसणं हाच गुन्हा ठरला तर सुटणार कोण? टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, आणि १९०८ मध्ये त्याच कलमाखाली सहा वर्षांची, मंडालेची. खोट्याला शिक्षा करणारा कायदा आणि नावडत्याला शिक्षा करणारा कायदा यांत किती अंतर आहे, हे एका माणसाच्या चरित्रात असं लख्ख दिसतं. शब्द सैल असले की पहिला कायदा कधी दुसऱ्यासारखा वागायला लागतो ते कळतही नाही.

लंडनचा टेलिफोन

आता थोडं इकडे, विलायतेला येऊ. १९३५ साली ब्रिटिश पार्लमेंटने पोस्ट ऑफिसच्या कायद्यात एक दुरुस्ती केली. तेव्हा टेलिफोन पोस्ट खात्याच्या ताब्यात होते. लोक टेलिफोनवरून अचकट-विचकट बोलायचे, धमक्या द्यायचे, खोटे निरोप देऊन माणसांना घाबरवायचे. म्हणून टेलिफोनवरून 'अत्यंत आक्षेपार्ह', अश्लील किंवा धमकीचा निरोप देणं गुन्हा ठरला. खोटं आहे हे माहीत असूनही त्रास, गैरसोय किंवा विनाकारण काळजी वाटावी म्हणून निरोप किंवा तार पाठवणं हाही गुन्हा ठरला.

त्या काळाला हे शोभून दिसणारं होतं. टेलिफोन म्हणजे एका माणसाने दुसऱ्या माणसाच्या कानात बोलणं. समोरच्याने नको म्हटलं तरी घंटा वाजतच राहते. अशा ठिकाणी 'त्रास' या शब्दाला अर्थ होता. पुढे पोस्टाचे, दूरसंचाराचे कायदे बदलत गेले, पण हे शब्द एका कायद्यातून दुसऱ्यात वारसाहक्काने येत राहिले आणि २००३ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टच्या १२७ व्या कलमात येऊन बसले. तोवर टेलिफोनच्या तारेतून इंटरनेट आलं होतं. एकाच्या कानासाठी केलेला नियम आता चव्हाट्यावरच्या बोलण्याला लागू झाला.

त्याचं काय होतं ते २०१० मध्ये दिसलं. बर्फामुळे डॉनकास्टरचा रॉबिन हूड विमानतळ बंद झाल्याने वैतागलेल्या एका तरुणाने, वेळेत सुरू करा नाहीतर विमानतळ उडवून देईन, अशा अर्थाची थट्टा ट्विटरवर केली. त्याला अटक झाली, शिक्षा होऊन दंड झाला, नोकरीही गेली. २०१२ च्या जुलैमध्ये हायकोर्टाने ती शिक्षा रद्द केली. थट्टा ती थट्टा, हे समजायला कायद्याला अडीच वर्षं लागली.

व्हायरस आणि एकविसावं शतक

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा आला तो २००० साली. प्रमोद महाजन तेव्हा त्या खात्याचे मंत्री होते. त्याच मे महिन्यात एका प्रेमपत्राच्या नावाने आलेल्या ई-मेलने जगभरातले संगणक आडवे केले होते. 'आय लव्ह यू' व्हायरस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, कारण तेव्हा आपली बरीचशी मंडळी वायटूके आटोपून नुकती कुठे श्वास घेत होती! तो व्हायरस फिलिपिन्समधून निघाल्याचं उघड झालं, संशयितही सापडला, पण त्या देशात अशा कृत्याला शिक्षा देणारा कायदाच नव्हता. त्यामुळे खटला उभा राहू शकला नाही. कायदा नसेल तर चोर समोर असूनही हात चोळत बसावं लागतं, हा धडा सगळ्या जगाने एकदमच घेतला.

भारताचा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. त्याचा जीव मुख्यतः व्यापाराचा होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नमुना कायद्यावर बेतलेला, डिजिटल सही आणि इलेक्ट्रॉनिक कागदपत्रांना मान्यता देणारा. त्यात हॅकिंग आणि अश्लील मजकूर यांच्याविरुद्ध कलमं होती. पण लोक एक दिवस दिवस-रात्र एकमेकांना निरोप पाठवत बसतील, अशी कल्पना त्यात कुठे नव्हती. असणार तरी कशी?

पहिला मोठा पेच २००४ मध्ये पडला. बाझी डॉट कॉम या लिलावाच्या वेबसाइटवर कुणीतरी एक अश्लील चित्रफीत विकायला ठेवली आणि पोलिसांनी कंपनीच्या प्रमुखालाच अटक केली. म्हणजे बाजारात एकाने चोरीचा माल विकला म्हणून मंडईच्या मालकाला बेड्या! उद्योगजगतात मोठी खळबळ उडाली. त्यातून २००८ च्या दुरुस्तीत कलम ७९ बदललं गेलं. दुसऱ्यांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मधल्या कंपनीला, काही अटींवर, जबाबदार धरायचं नाही असं ठरलं. अमेरिकेने हेच १९९६ मध्ये केलं होतं. या संरक्षणाशिवाय आजचं इंटरनेट उभंच राहिलं नसतं, हे मान्य करायला हवं. पण त्याच वेळी तळाची ओळ अधिकृतपणे पुसली गेली, हेही खरं. छापखाना आहे, पण मुद्रक कुणीच नाही!

त्याच दुरुस्तीत कलम ६६अ आलं. मुंबईवरचा २६ नोव्हेंबरचा हल्ला होऊन महिनाही झाला नव्हता. २२ डिसेंबर २००८ रोजी लोकसभेत गोंधळातच, फारशी चर्चा न होता विधेयक मंजूर झालं आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेतही. कलम ६६अ मध्ये काय होतं? 'अत्यंत आक्षेपार्ह', 'त्रास', 'गैरसोय'. लंडनच्या १९३५ च्या टेलिफोनचे शब्द, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आपण साहेबाला घालवलं, पण त्याची कायद्याची पेटी माळ्यावर जपून ठेवली ती अशी.

पालघर, नोव्हेंबर २०१२

१७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एका विशीतल्या मुलीने फेसबुकवर लिहिलं, की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे, अशा अर्थाचं काहीतरी. तिच्या मैत्रिणीने ते 'लाइक' केलं. दोघींना अटक झाली. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची जमावाने मोडतोड केली.

त्यात खोटं काही नव्हतं, शिवी नव्हती, धमकी नव्हती. एक मत होतं, कुणाला पटेल, कुणाला नाही. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चावडीवर आणि गणेशोत्सवाच्या मांडवात याहून तिखट बोललं गेलं आहे. देशभर संताप झाला. पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि मुलींवरचे आरोप मागे घेतले गेले. ही बातमी वाचून श्रेया सिंघल या दिल्लीच्या तरुण विद्यार्थिनीने सुप्रीम कोर्टात याचिका दाखल केली. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी कलम ६६अ संपूर्ण रद्द केलं. निकालात त्या कलमाची वंशावळ थेट १९३५ च्या पोस्टाच्या कायद्यापर्यंत दिलेली आहे. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि लोकांना चिथावणं यांत फरक आहे. पहिली दोन कितीही अप्रिय असली तरी गुन्हा नाहीत, असं कोर्टाने बजावलं.

निकाल योग्यच होता. पण एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. ६६अ च्या तिसऱ्या पोटकलमात निरोप कुठून आला याबद्दल समोरच्याला फसवणं हाही गुन्हा होता. म्हणजे छापणाऱ्याचं खोटं नाव लावणं! तेवढाच भाग नेमकेपणाने लिहिला असता तर तो फार उपयोगी पडला असता. पण चांगली ज्वारी आणि खडे एकाच पोत्यात भरले की सगळं पोतंच फेकावं लागतं.

आणि पोत्याचं म्हणाल तर ते फेकलं तरी घरातच राहिलं. रद्द झालेल्या कलमाखाली पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवणं चालूच होतं. २०२१ मध्ये हे सुप्रीम कोर्टासमोर आलं तेव्हा न्यायाधीश थक्क झाले. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा आदेश काढावा लागला, की या कलमाखाली कुणावरही खटला चालवू नका.

२०१८ चा पावसाळा

कलम गेलं, आणि ज्यासाठी खरोखर कायदा हवा होता ते संकट नंतर आलं. २०१८ मध्ये देशभर मुलं पळवणाऱ्या टोळ्यांचे निरोप व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्यांतली एक चित्रफीत कराचीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी बनवलेल्या जनजागृतीच्या फिल्ममधली होती. शेवटी मूल परत आणून देतात तो भाग कापून टाकला होता, एवढंच.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. मुलं पळवणारे आले, असा गलका झाला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जमावाने ठेचून मारलं. पाचही जणांना. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून पोट भरणारा हा समाज. त्यांचं गाव कुठलं, ते कोण, हे विचारायला कुणाला दोन मिनिटं सवड नव्हती.

कोल्हापूर प्रकरणाशी तुलना करून बघा. निरोप कुणी लिहिला? माहीत नाही. कुणी पसरवला? सगळ्यांनी. नुकसान कुणाचं झालं? ज्यांचा त्या निरोपाशी काडीचा संबंध नव्हता त्यांचं. जुना कायदा ज्या तीन पायांवर उभा होता ते तिन्ही इथे नव्हते. त्यानंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे ढकलता येईल अशी मर्यादा भारतात घातली आणि २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू केली. 'फॉरवर्डेड' ही चिठ्ठीही तेव्हाच आली. लंडन किंवा लेस्टरमध्ये आपण सहावं नाव निवडायला जातो आणि फोन नकार देतो, त्या नकाराची मुळं भारतातल्या त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आहेत.

राईनपाड्यानंतर सहा आठवड्यांत पुण्याला वेगळाच तडाखा बसला. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. १९०६ सालची ही आपली सहकारी बँक. चोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी जणू स्वतःचा खोटा कारकून बसवला आणि तो आलेल्या प्रत्येक मागणीला 'हो' म्हणत गेला. अठ्ठावीस देशांत काही तासांत हजारो वेळा पैसे काढले गेले आणि जवळजवळ चौदा कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. पोलिसांनी जिद्दीने तपास केला आणि एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने अकरा जणांना दोषी ठरवलं. पण ते मुख्यतः बनावट कार्डांनी पैसे काढणारे प्यादे होते. डाव खेळणारे देशाबाहेरच राहिले.

एकीकडे अफवा, एकीकडे हल्ला. एकीने माणसाला फसवलं, दुसऱ्याने यंत्राला. दोन्हींत युक्ती तीच, नाव एकाचं आणि बोलणारा दुसराच.

खरं काय ते कोण ठरवणार?

यापुढे सरकारने दोन वाटा धरून पाहिल्या. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या नियमांनी मोठ्या कंपन्यांना सांगितलं, की तक्रारी ऐकायला भारतात अधिकारी नेमा आणि कोर्टाने किंवा सरकारने कायद्यानुसार मागितलं तर एखादा निरोप भारतात पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या. म्हणजे मुद्रकाचं नावच! व्हॉट्सॲप दिल्ली हायकोर्टात गेलं. एका अफवेचा उगम शोधता यावा म्हणून सगळ्यांच्या खासगी पत्रांवर खूण करावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. हा पेच खोटा नाही. पोस्टमनने प्रत्येक पाकिटावर खूण करून ठेवावी असं आपल्याला वाटेल का?

दुसरी वाट २०२३ च्या एप्रिलमधली. केंद्र सरकारच्या कारभाराबद्दलची कोणती माहिती खोटी किंवा दिशाभूल करणारी आहे, हे सरकारच्याच तपासणी कक्षाने ठरवायचं. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं. ३१ जानेवारी २०२४ ला न्यायमूर्ती गौतम पटेल आणि न्यायमूर्ती नीला गोखले यांची मतं वेगळी पडली. पटेलांनी नियम रद्द ठरवला, गोखले यांनी वैध. प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे, अतुल चांदूरकरांकडे, गेलं. २० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांनी पटेलांच्या बाजूने कौल दिला आणि नियम रद्द झाला. सरकार स्वतःच्या प्रकरणात स्वतःच न्यायाधीश होऊ शकत नाही आणि 'खोटं', 'दिशाभूल करणारं' हे शब्द सैल आहेत, हे त्यातले मुख्य मुद्दे. ज्या मुंबई हायकोर्टात १८९७ मध्ये 'अप्रीती'चा अर्थ लावला गेला, तिथेच सव्वाशे वर्षांनी हा निकाल लागला, याची मला मोठी मौज वाटते.

आता इंग्लंडनेही शिकून घेतलं असेल, असं कुणी म्हणेल. २०२३ च्या ऑनलाइन सेफ्टी ॲक्टने 'त्रास, गैरसोय' हे जुने शब्द इंग्लंड-वेल्सपुरते बाजूला सारले आणि त्याऐवजी नेमका गुन्हा लिहिला. खोटं आहे हे माहीत हवं आणि खरीखुरी इजा करण्याचा हेतू हवा. शब्दरचना नक्कीच सुधारली. पण जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींची हत्या झाली, मारेकरी होडीतून आलेला परदेशी असल्याची अफवा उठली आणि गावोगाव दंगली पेटल्या. मारेकरी कार्डिफमध्ये जन्मलेला होता. अफवा पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना ती खोटी आहे हे 'माहीत' नव्हतं, मग हे कलम लावणार कसं? ऑनलाइन चिथावणी देणाऱ्यांना तुरुंगात धाडलं ते प्रामुख्याने वांशिक द्वेषाविरुद्धच्या १९८६ च्या जुन्या कायद्याने. २०२५ च्या जुलैमध्ये कॉमन्सच्या समितीनेही सांगून टाकलं, की अशा अफवांना आवर घालायला नवा कायदा पुरा पडत नाही.

आणि त्याआधीचं लेस्टर आपण विसरू शकत नाही. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यानंतर तिथे हिंदू-मुसलमानांत तणाव वाढला. त्यात एका मुलीला पळवण्याचा प्रयत्न झाल्याची बातमी पसरली. असं काहीच घडलेलं नाही, असं पोलिसांना जाहीर करावं लागलं. अफवा दोन्ही बाजूंनी उठल्या, देशोदेशींच्या लोकांनी त्यांना वारा घातला आणि शेजारी शेजाऱ्याला घाबरू लागला. पुन्हा मूल पळवण्याचीच गोष्ट! साक्री तालुका आणि ईस्ट मिडलँड्स यांत किती अंतर आहे? त्या महिन्यात मला ते फारसं वाटलं नाही.

आपला संबंध काय?

तुम्ही म्हणाल, आपण इथे बसलेले, भारताच्या कायद्याशी आपलं काय देणंघेणं? तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७५ नजरेखालून घाला. गुन्ह्यात भारतातला संगणक गुंतला असेल तर गुन्हा देशाबाहेर केलेला असला आणि करणारा कुठल्याही देशाचा नागरिक असला तरी तो कायदा लागू होतो. पण कायद्याच्या धाकापेक्षा दुसरं कारण मला महत्त्वाचं वाटतं. गावाकडच्या ग्रुपवर परदेशातून आलेल्या निरोपाला वजन असतं. 'लंडनच्या ताईने पाठवलंय' म्हटलं की ते खरं ठरतं. अफवेला आपण नकळत सही देतो.

दुसरीकडे आपले आई-वडील तिथे एकटे आहेत. गेली काही वर्षं 'डिजिटल अरेस्ट'चा प्रकार बोकाळला आहे. पोलिसाच्या वेषातला माणूस व्हिडिओवर येतो, तुमच्या नावाने पार्सल सापडलंय, तुम्ही अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, असं धमकावतो आणि आयुष्यभराची पुंजी काढून घेतो. भारताच्या कायद्यात अशी अटक अस्तित्वातच नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनीही रेडिओवरून हे सांगितलं. इथे अफवा आणि हल्ला एकत्र आले आहेत. यंत्र फोडायची गरजच नाही, माणसाचं भय फोडलं की झालं.

पुण्याच्या माझ्या मावशीला असा फोन आला होता. वय ऐंशीच्या पुढे, शाळामास्तरीण. तिने त्या साहेबाला विचारलं, "बाबा, तुझं नाव काय, हुद्दा काय आणि चौकी कुठली? लिहून घेते. पेन आणायला उठू का, की तेही नाही चालायचं?" मग फोन ठेवून ती शेजाऱ्यांबरोबर खऱ्या चौकीवर गेली. तिला कलम ६६ड माहीत नव्हतं. माहीत असायची गरजही नव्हती. पाठवणाऱ्याचं नाव-गाव विचारायचं, एवढं तिला ठाऊक होतं.

तेव्हा मित्रहो, घरच्यांना दोन गोष्टी सांगून ठेवा. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, भारतात १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, कारण पहिल्या तासा-दोन तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. आणि व्हिडिओवर अटक होत नसते, हे त्यांच्याकडून तोंडपाठ करून घ्या.

कायदा यापुढेही बदलत राहील, बदलायलाच हवा. हल्लेखोराला पकडायला कडक कलमं हवीत, देशादेशांत सहकार्य हवं. पण खऱ्या-खोट्याचा निवाडा सरकारच्या हाती पूर्णपणे दिला तर काय होतं हे आपण टिळकांच्या काळापासून पाहत आलो आहोत आणि कुणाच्याच हाती दिला नाही तर काय होतं ते राईनपाड्याला पाहिलं. मधली जागा अरुंद आहे आणि तिथे आपल्यालाच उभं राहायचं आहे. टिळक-आगरकरांनी बनावट पत्रांवर विश्वास ठेवला, पण अंकावर त्यांची नावं होती आणि त्यांनी १०१ दिवस भोगले. आपल्या बोटाखालून पुढे जाणाऱ्या निरोपावर कुणाचंच नाव नसतं. म्हणून तो ढकलण्यापूर्वी त्याच्या तळाशी मनातल्या मनात एक ओळ लिहून पाहावी: हा मजकूर मी, माझ्या नावाने, माझ्या घरातून प्रसिद्ध केला. ती ओळ लिहायला हात कचरला, तर निरोप तिथेच थांबवावा.